गेटाशी लावलेला बिस्मार्क पाम – सहा पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या सोसायटीत, मुलुंड पूर्वेला, गेटातून आत आलं की डाव्या हाताला निळसर चांदीच्या रंगाचं, पंख्यासारख्या पानांचं एक झाड दिसतं. कुरिअरवाले थांबतात, पाहुणे थांबतात, शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं मुद्दाम आत येऊन विचारतात. कुठलं झाड हे, कितीला पडलं, आमच्याकडे येईल का? वॉचमन आता सगळ्यांना सरळ माझ्या घरी पाठवतो. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. झाडाबद्दल लिहितोच, पण ज्या दोन नर्सऱ्यांमधून ते घेतलं त्यांच्याबद्दलही लिहिणार आहे, कारण हे झाड जगणार की जाणार हे निम्म्याहून जास्त नर्सरीतच ठरतं.

झाडाचं नाव बिस्मार्क पाम. शास्त्रीय नाव बिस्मार्किया नोबिलिस.

मी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालो. गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या पूर्व अंगाला. पाण्याची किंमत मला कोणी शिकवायला नको. २०१७ मध्ये कमिटीने बागेचं काम माझ्याकडे दिलं तेव्हा गेटाशी लॉन होतं आणि कडेने अरेका पामची रांग. दोन्ही दिसायला छान, पण पाणी बेसुमार पिणारी. एप्रिल उजाडला की टँकर मागवायचा आणि ते विकतचं पाणी गवतावर सोडायचं, हे माझ्याच्याने बघवत नसे. २०१८ च्या मे महिन्यात बागेसाठीचे टँकर बंद केले. तीन आठवड्यांत अरेकाची पानं टोकांकडून करपायला लागली आणि जूनपर्यंत अर्धी रांग वाळली. त्या वर्षीच्या जनरल बॉडीत ठरलं, तिथे असं काहीतरी लावायचं की एकदा रुजलं की पाणी मागणार नाही, पण गेटाला शोभाही आली पाहिजे.

मग मी शोधायला, वाचायला लागलो आणि एक गोष्ट कळली ती अजून डोक्यातून जात नाही. अरेका आणि बिस्मार्क हे दोन्ही पाम एकाच बेटावरचे, मादागास्करचे. पण बेटाच्या दोन वेगळ्या अंगांचे. तिथे वारे पूर्वेकडून, समुद्रावरून येतात, मधल्या डोंगरांच्या पूर्व उतारावर पाऊस पाडतात आणि पश्चिमेकडे उतरेपर्यंत कोरडे होतात. अरेका त्या ओल्या पूर्व बाजूचा. बिस्मार्क पश्चिम आणि उत्तरेकडच्या गवताळ माळांवरचा, जिथे वर्षातले कितीतरी महिने कोरडे जातात, गवताला वणवे लागतात आणि त्या वणव्यातूनही हे झाड उभं राहतं. म्हणजे आपला सह्याद्रीच, फक्त दिशा उलटी. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच जिल्ह्यात आमच्या माणमध्ये चारा छावण्या. आम्ही गेटाशी कोकणातलं झाड लावून त्याला माणच्या पाण्यात जगायला सांगत होतो.

हे परदेशी झाड कशाला, असं विचारणारे सोसायटीत होते. प्रश्न योग्यच आहे. पण गुलमोहर मादागास्करचा आहे, दारोदारची सदाफुली मादागास्करची आहे. आणि बिस्मार्क तर नात्याने आपल्या ताडाच्या भावकीतला. ज्याचे ताडगोळे आपण उन्हाळ्यात सोलून खातो तो ताड आणि हा पाम वनस्पतिशास्त्रात एकाच गटात बसतात. ताडासारखंच यातही नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. १८८१ मध्ये हिल्डेब्रांट आणि वेंडलँड या दोन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावावर याची शास्त्रीय नोंद झाली आणि त्यांचा चॅन्सेलर ऑटो फॉन बिस्मार्क याच्यावरून हे नाव पडलं. या वंशात ही एकच जात आहे. मादागास्करमधली माणसं याच्या पानांनी घरं शाकारतात, खोडाच्या फळ्या भिंतींना वापरतात, आणि खोडाच्या गाभ्यापासून एक कडवट साबुदाणा काढतात. तिथे रानात ते पंचवीस मीटरपर्यंत जातं. बागेत साधारण त्याच्या निम्म्यावर थांबतं.

आता रंग. पानावर मेणाचा बारीक थर असतो, ऊन परतवायला आणि पाणी राखायला. पिकल्या द्राक्षावर पांढुरकी साय असते ना, तसा. पानावरून बोट फिरवलं की बोटाला पांढरी भुकटी लागते आणि पानावर हिरवी रेघ उघडी पडते. ती परत भरून येत नाही. देठावरही तोच पांढरा लेप, आणि त्यावर दालचिनीच्या रंगाचे बारीक खवले, कोणी करवतीचा भुसा उडवल्यासारखे. सकाळी सातच्या उन्हात हे देठ जवळून बघण्यासारखे असतात. आणि पौर्णिमेच्या आसपास रात्री दहाला, गेटाचे दिवे मंद असताना, सगळं झाड आतून उजळल्यासारखं दिसतं. आमच्या हिने दोन-तीनदा मला त्यासाठी झोपेतून उठवून खाली नेलंय.

पण हे सगळं दुसऱ्या झाडाचं. पहिलं झाड गेलं, आणि ते कसं गेलं हे सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगण्याला अर्थ नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये हायवेलगतच्या एका मोठ्या नर्सरीत गेलो. तिथे आठ फुटी बिस्मार्क ओळीने ठेवले होते, शेतात वाढवून, खणून काढून, मुळांभोवती मातीचा गोळा करून गोणपाटात बांधलेले. बघताक्षणी भुललो. बावीस हजार रुपये झाडाचे आणि साडेतीन हजार टेम्पो आणि उतरवायच्या मजुरीचे. मी विचारलं, एवढं मोठं झाड लागेल ना? तो माणूस म्हणाला, "काका, पामच आहे, नारळासारखा लागतो. महिनाभर रोज पाणी घाला, बस." बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की झाड गेल्यास जबाबदारी नाही. ते मी घरी आल्यावर वाचलं.

वर्कशॉपमध्ये आम्ही एक करायचो. नट आवळून झाला की नटावरून खालच्या प्लेटवर रंगाची एक सलग रेघ ओढायची. पुढच्या तपासणीला रेघ सलग दिसली तर नट जागेवर आहे, तुटलेली दिसली तर नट फिरलाय. या पामला शेंडा एकच असतो. मधोमध मिटलेल्या पानाचा भाल्यासारखा कोंब वर येतो आणि सगळी वाढ तिथूनच होते. झाड लावल्यावर मी शिडीवर चढून त्या कोंबावरून शेजारच्या देठावर परमनंट मार्करने एक आडवी रेघ ओढली. कोंब वाढला तर कोंबावरचा तुकडा वर सरकेल आणि रेघ तुटेल.

डिसेंबरात रेघ सलग होती. जानेवारीत सलग होती. खालून एकेक पान तपकिरी होत गेलं, आणि माळीमामा म्हणत राहिले, पाणी वाढवू या. वाढवलं. फेब्रुवारीच्या शेवटी मी कोंब हलकेच धरला तर तो हातात आला, बुडाशी मऊ, काळपट आणि आंबलेल्या वासाचा. या पामचा तो एक शेंडा गेला की झाड संपलं. बाजूने फुटवा येणार नाही.

खड्डा उकरला तेव्हा खरं कारण दिसलं. मातीचा गोळा हाताने फुटला. बुंध्याभोवतीची मुळं सगळी वीतभर अंतरावर सरळ कापलेली, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल भिजलेल्या उसाच्या पाचटासारखी सुटून यायची, आत फक्त एक दोरा. एकही पांढरं टोक नाही. पामची मुळं आंब्या-पिंपळाच्या मुळांसारखी जाड होत जात नाहीत. बुंध्याच्या तळातून सारख्या जाडीची मुळं निघत राहतात. नारळाची तोडलेली मुळं बऱ्याच प्रमाणात पुन्हा फुटतात, म्हणून मोठा नारळही हलवता येतो. बिस्मार्कला मुळं दुखावलेली सोसत नाहीत. ती तुटली तर बुंध्यातून नवी मुळं येईपर्यंत झाडाला थांबायला लागतं, आणि आठ फुटी पानांचा संसार तेवढा वेळ थांबू शकत नाही. आम्ही तर रोज पाणी घालून उरलंसुरलं कुजवलं. जमिनीतून अलगद काढायचं तर आधी मुळं थोडी थोडी छाटून, काही आठवडे वाट बघून, मोठा गोळा धरून काढावं लागतं. त्या नर्सरीत त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. फोन केला तर म्हणाले, दुसरं निम्म्या किमतीत देतो. मी नाही म्हटलं. पैसे सोसायटीचे होते, त्यातला अर्धा भाग मी माझ्या खिशातून भरला, कारण निवड माझी होती. त्या नर्सरीला पाचपैकी एक. तो एकही टेम्पोवाल्या पोरांचा, ज्यांनी झाड जिवापाड सांभाळून उतरवलं.

दुसरं झाड जून २०१९ चं. बदलापूरच्या पुढे एका आतल्या रस्त्यावर नवरा-बायको मिळून छोटी रोपवाटिका चालवतात, तिथे एका ओळखीच्या माणसाने पाठवलं. पत्र्याची शेड, पाटी नाही. ताईंनी झाड दाखवायच्या आधीच मला विचारलं, "काका, जागा किती आहे?" मी म्हटलं, बरीच आहे. "बरीच म्हणजे किती फूट? पंचवीस फुटांचा गोल मोकळा निघेल का? वर बिल्डिंगची सावली किती वाजता येते?" मी घरी फोन लावून हिला खाली उतरवलं, टेप धरायला लावली, तेव्हा कुठे त्या शेडच्या मागे घेऊन गेल्या.

तिथे जे पाहिलं ते मला फार आवडलं. बी रुजवायला त्यांनी कुंड्या वापरल्याच नव्हत्या. प्लंबिंगच्या चार इंची पाइपाचे दीड-दीड हात लांब तुकडे उभे पुरून ठेवले होते, एकेका पाइपात एकेक बी. कारण या बीचा कोंब आधी वर येत नाही. बीतून एक जाड, पांढरा, नळीसारखा कोंब निघतो आणि सरळ खाली जातो. खोल गेल्यावर त्याच्या टोकापासून मुळं खाली आणि पहिलं पान वर. ताडाचंही असंच असतं. बी पेरल्यापासून पान दिसायला कधी दीड महिना, कधी चार-पाच महिने. उथळ कुंडीत हा कोंब तळाला आपटून वाकतो, आणि मग ते रोप पुढे कधीच जोमाने वाढत नाही. ताईंनी एक पाइप उभा चिरून मला दाखवला. कोंब सरळ, दोरी लावून आखल्यासारखा.

मला त्यांनी अडीच फुटी रोप दिलं, पाच पानांचं, उंच अरुंद पिशवीतलं. सोळाशे रुपये. मी चार फुटी मागितलं तर म्हणाल्या, "तेही आहे, पण त्याची मुळं पिशवीबाहेर जमिनीत गेलीत. उचललं की तुटणार. मी देणार नाही." रोप तेव्हा चांदीचं दिसतही नव्हतं. हिरवट पानं, कडांना लालसर झाक. याचे दोन प्रकार येतात, एक हिरवाच राहतो, एक चंदेरी होतो. कोवळेपणी दोन्ही फसवतात. त्यांनी ज्या झाडाचं बी होतं त्याचं वाळलेलं पान मला दाखवलं आणि म्हणाल्या, तिसऱ्या वर्षी बघा. तिसऱ्या वर्षी तसंच झालं. या रोपवाटिकेला पाचपैकी पाच, आणि जास्त देता आले असते तर जास्त.

लावण्याबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण मुंबईत इथेच गोंधळ होतो. आमच्यासारख्या बहुतेक बिल्डिंगच्या कंपाउंडची जमीन म्हणजे भराव. वीतभर लाल माती, तिच्याखाली डबर, विटांचे तुकडे, सिमेंटचा पोपडा. माती कसलीही चालते या झाडाला, पण पाणी साठलेलं चालत नाही. आणि इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. दुष्काळ सोसणारं झाड मुंबईत मरतं ते जुलैत, बुडात पाणी साठून. म्हणून आधी खड्डा पाण्याने भरून ठेवला. सकाळी बघितलं तर पाणी तसंच. मग माळीमामांनी आणि मी पहारीने तळाचा सिमेंटचा थर फोडला, तेव्हा पाणी तासाभरात गेलं. खड्डा रुंदीला चार फूट, खोलीला मात्र पिशवीएवढाच. वर फूटभर उंच आणि पसरट असा मुरुम-मातीचा उंचवटा केला आणि झाड त्यावर बसवलं. नर्सरीत माती जिथपर्यंत होती, बरोबर तिथपर्यंतच. वाऱ्याने हलू नये म्हणून पाम खोल गाडण्याची पद्धत आहे, तसं केलं तर बुंधा गुदमरून झाड खंगत जातं. पिशवी ओढून काढायची नाही. झाड खड्ड्यात ठेवून, ब्लेडने दोन बाजूंनी चिरून, हळूच सरकवून घ्यायची. शेणखत खड्ड्यात घातलं नाही, ते पुढे सांगतो का.

१६ जूनला लावलं आणि कोंबावर रेघ ओढली. ५ जुलैला सलग. १४ जुलैला सलग. २१ जुलैला रविवार होता, पाऊस थांबून ऊन पडलं होतं, मी खाली गेलो तर कोंबावरचा काळा तुकडा शेजारच्या देठावरच्या तुकड्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा वर होता. मी हिला हाक मारून गॅलरीत बोलावलं आणि खालूनच ओरडून सांगितलं, रेघ तुटली! ती धावत खाली आली. आठवड्याभरात अंतर चार बोटं झालं.

पाण्याचा हिशोब असा. पहिला पावसाळा संपल्यावर पहिल्या वर्षी दर तिसऱ्या दिवशी एक बादली, उंचवट्याच्या कडेने, बुंध्यात नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माळीमामा गावी अडकले, तेव्हा मी आठवड्याला दोन बादल्यांवर आणलं आणि झाडाने काहीच तक्रार केली नाही. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पंधरवड्यातून एकदा. २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीला महापालिकेची दहा टक्के पाणीकपात होती आणि कंपाउंडमधली मोगऱ्याची झुडपंसुद्धा माना टाकून होती. त्या उन्हाळ्यात आम्ही बिस्मार्कला मार्चनंतर एक थेंब घातला नाही. एप्रिल-मेमध्ये त्याने दोन नवी पानं उघडली. दुष्काळ सोसतो म्हणजे काय तर हे. पण पहिली दोन वर्षं पाणी द्यावंच लागतं. मुळं खाली पोचल्यावरच त्याला आपली गरज राहत नाही, आणि याच अर्धवट ऐकीव माहितीवर लोक पहिल्याच उन्हाळ्यात झाड वाळवतात.

वाढ सुरुवातीला फार सावकाश. पहिली दोन वर्षं सोसायटीतली माणसं मला विचारत, काका, हे वाढतंय की नाही? चौथ्या वर्षापासून वेग आला. हे लिहितोय तो एप्रिल २०२५. आज पानाच्या टोकापर्यंत उंची साडेअकरा फूट, घेर बारा फूट, मोठ्या पानाची रुंदी पावणेपाच फूट. खोड अजून जमिनीबाहेर नीटसं दिसत नाही. पूर्ण वाढीला एकेक पान तीन मीटर रुंद होऊ शकतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा झाड लहान होतं, पण उघड्यावर होतं. कंपाउंडचा गुलमोहर मधोमध फाटला. याची दोन पानं नुसती चिरली.

नवं पान उघडताना बघण्यासारखं असतं. आधी घट्ट मिटलेला भाला. मग घड्या एकेक करून सुटतात, आणि सात-आठ दिवसांत कडक, गोल पंखा तयार. पहिल्या पावसाचे थेंब त्यावर गोळ्या होऊन पळतात, घडीच्या पन्हाळीतून देठाकडे आणि देठावरून बुडाशी. झाड स्वतःच पाणी गोळा करून मुळाशी नेतं.

आता तक्रारी आणि सांभाळायच्या गोष्टी. २०२२ मध्ये खालच्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आले आणि टोकं करपली. माळीमामा कोयता घेऊन पानं साफ करायला निघाले, मी थांबवलं. ही पालाशची, म्हणजे पोटॅशची कमतरता. झाड जुन्या पानांतलं पालाश काढून नव्या पानाला देत असतं. जुनी पानं कापली तर तो साठाच जातो आणि कमतरता वरच्या पानावर सरकते. सल्फेट ऑफ पोटॅश आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट उंचवट्यावर पसरून घातलं, वर्षातून तीनदा. ठिपके पडलेली पानं तशीच राहिली, ती सुधारत नाहीत, पण पुढची स्वच्छ आली. पान पूर्ण वाळल्यावरच कापायचं, आणि सगळी हिरवी पानं छाटून वर झाडूसारखा तुरा ठेवायची जी पद्धत आहे ती या झाडावर तर नकोच.

शेणखत का नको? तर गेंड्या भुंगा. त्याच्या अळ्या कुजक्या शेणखतात वाढतात आणि भुंगा पामचा शेंडा पोखरतो. उघडलेल्या पानावर कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या खुणा दिसल्या की समजायचं. शेजारच्या बिल्डिंगच्या नारळांवर आहेत त्या. आम्ही पावसाळ्याआधी वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू सारखी मिसळून भरतो, नारळाला भरतात तशीच. अजून तरी आमच्या झाडाला एकही त्रिकोण नाही.

आणि कोणीही या झाडाला खिळा मारू नये. दिवाळीत माळा लावायला इलेक्ट्रिशियन हातोडी घेऊन येतो. पामला इतर झाडांसारखी साल भरून येण्याची सोय नाही. खोडावरची जखम जन्मभर उघडी राहते. गवत कापायच्या मशीनची दोरी लागली तरी तेच. म्हणून बुंध्याभोवती तीन फूट गवतच ठेवलेलं नाही.

खरा दोष एकच, पण मोठा. जागा. पूर्ण वाढलेल्या झाडाला पंचवीस फुटांचा मोकळा गोल लागतो, आणि नंतर हलवता येत नाही. हलवायला जाल तर मरेल, आणि तोडायचं म्हटलं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागेल. आमच्याकडे या झाडापायी स्कूटरच्या दोन जागा गेल्या आणि त्यावरून दोन मीटिंगमध्ये वाद झाला. मला वाटतं, सोसायटीने जे ठरवलं ते योग्य ठरवलं, पण ज्यांची स्कूटर आता गल्लीत उभी राहते त्यांचा राग मला समजतो. झाड लहान असताना मोकळी जागा बघून लोक दोन-तीन एकत्र लावतात, भिंतीला खेटून लावतात, वायरींखाली लावतात. तसं करू नका. गॅलरीत किंवा गच्चीवर ड्रममध्ये ठेवायचं म्हणत असाल तर चार-पाच वर्षं राहील, मग त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. तेवढीच जागा असेल तर बॉटल पाम घ्या. सावलीत लावायचा असेल तर हा मुळीच नको. याला दिवसभराचं ऊन लागतं, नाही तर पानं लांबुळकी, हिरवट आणि ढिली येतात.

फळ धरेल का, बी द्याल का, हेही विचारतात. अजून फुलोरा आलेला नाही, त्यामुळे आमचं झाड नर की मादी हे ठाऊक नाही. मादी असलं तरी जवळ नर हवा.

झाडाला पाचपैकी साडेचार. अर्धा जागेसाठी कापला. जाऊन घेणार असाल तर पावसाच्या तोंडावर जा, अडीच-तीन फुटांपेक्षा मोठं घेऊ नका, आणि पैसे देण्याआधी पिशवी स्वतः उचलून बघा. पिशवी जमिनीला चिकटलेली वाटली, उचलताना खालून तट्कन आवाज आला, तर ठेवून द्या. टेम्पोत उभीच आणा, दोरीने पिशवीला बांधा, पानांना नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर रविवारी सकाळी मी खालीच असतो. गेटाकडच्या सगळ्यात खालच्या पानावर, लहान मुलांच्या उंचीवर, बोटांच्या हिरव्या रेघा दिसतील. तिथे मेण गेलंय. त्याच्या वरच्या पानांना कृपा करून हात लावू नका.